सात गेली, सात आणली

तीर्थरूप आबा,

‘साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ वगैरे शाळेत शिकवलेलं आज लिहीत नाही. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, आणि मला एक शब्द मागे घ्यायचाय. सातवीत असताना मी तुम्हाला खोटं म्हटलं होतं, तो.

आजच का? उद्या कारेगावात माझ्या वर्गातल्या पोरांना पुस्तक आणि सिनेमा यांतला फरक सांगायचाय, म्हणून ती धुक्याच्या डोंगराची गोष्ट मी नव्यानं वाचली. चौथीत मला पाठांतराच्या बक्षिसात मिळालेली आपली प्रत सातवीच्या आधीच वाळवीनं खाल्ली होती, आणि त्या वेळच्या रागापायी मी ती कादंबरी पुन्हा हातातच धरली नव्हती. दुपारी शेवटचं पान वाचलं आणि डोक्याला हात लावून बसले.

आठवतंय ना, आबा? न्हावऱ्यात साक्षरता वर्गात तुम्ही नुकतेच वाचायला शिकला होता. दिवेलागणीला ओट्यावर बसून, ओळीखाली बोट धरून तुम्ही मला ती वाचून दाखवायचात. जोडाक्षर आलं की तुमचं घोडं अडायचं! सात मेंढरं घेऊन एक पोर धुक्यात शिरते. पलीकडच्या देशात मेंढरं माणसासारखी बोलतात. तिथली राणी वाटसरूंना परत जाऊ देत नाही. शेवटी पोर तिच्या कोड्यांची उत्तरं देते आणि घरी येते.

शेवटच्या पानाशी तुम्ही थांबलात. पानं मागं उलटलीत, पुन्हा पुढं आलात. मला वाटलं, ओळ चुकली. मग तुम्ही वाचलंत, की लंगडी मेंढी मागे राहिली होती, म्हणून पोर सुटलेली असूनही परत धुक्यात गेली आणि तिला खांद्यावर घालून आली. मी रडले होते.

तीन वर्षांनी त्यावरचा सिनेमा दौंडला लागला, हिंदीत केलेला. तुम्ही मला एसटीनं घेऊन गेलात, धुतलेला पटका बांधून. काय तो सिनेमा! पुस्तकातली राणी एकटेपणाला कंटाळलेली, तर पडद्यावर तिला नुसती कजाग चेटकीण केलेली. कोड्यांच्या जागी तलवारी. पोरीला मदत करायला कुठून तरी एक राजपुत्रही आणला होता. पुस्तकात घरी आल्यावर आई म्हणते, “उशीर केलास, पाय धू.” सिनेमात अख्खा गाव हार घेऊन उभा!

“ही मेंढरं रोज साबणानं धुत्यात का काय?” तुम्ही मोठ्यानं विचारलंत. आजूबाजूचे हसले. शेवटी पोर राजपुत्राच्या घोड्यावरून एकटीच घरी आली, तसे तुम्ही उठून उभेच राहिलात. “आरं, मेंढरं कुठं हायती? मेंढरं टाकून आली व्हय ही?”

“ओ मामा, खाली बसा!” मागून आवाज आला. मी तुमचा सदरा ओढून तुम्हाला बसवलं. मला लाज वाटली होती, आबा. आज त्या लाजेची लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात शाळेत सरांनी याच विषयावर निबंध दिला. मी लिहिलं, पुस्तकात पोर लंगड्या मेंढीसाठी परत जाते, सिनेमावाले मेंढरं विसरले. सरांनी लाल शाईनं काट मारली. “लंगडी मेंढी पुस्तकात नाहीच. कुणी सांगितलं तुला?” मी म्हटलं, आबांनी वाचून दाखवलं. सर म्हणाले, “त्यांना वाचता येतं का?” सगळा वर्ग हसला.

घरी येऊन मी दप्तर फेकलं. “तुम्ही खोटं वाचलंत! तुम्हाला वाचता येतच नाही!”

तुम्ही वैरण टाकत होता. मान वर करून एवढंच म्हणालात, “खोटं न्हाई, पोरी. सात गेली व्हती. सात आणली.”

मी ऐकून घेतलं नाही. पण तुम्ही तरी मला बखोटीला धरून समजावून का नाही सांगितलंत? त्यानंतर तुम्ही मला कधी काही वाचून दाखवलं नाही. मीही म्हटलं नाही, की आबा, वाचा.

आणि आज दुपारी मी मोजलं. पहिल्या प्रकरणात सात मेंढरं धुक्यात शिरतात. शेवटच्या पानावर ती पोर “सहा मेंढरांसह” घरी पोचते. सातव्या मेंढराचं काय झालं, एक अक्षर नाही! मूळ इंग्रजी पुस्तकही फोनवर शोधून पाहिलं. तिथंही सहाच. एवढा जगभर गाजलेला लेखक, पण त्याला पत्ता नाही. सरांना नाही, सिनेमावाल्यांना नाही, मलाही नाही. तुम्हाला मात्र बोटानं ओळ लावत वाचतानाही दिसलं. का नाही दिसणार? सांजच्याला मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभं राहून, एकेक मेंढरू मोजून आत घेण्यात तुमचं आणि आज्याचं आयुष्य गेलं. एक कमी भरलं, तर आपल्यात कुणी भाकरीला बसत नसे. लेखक विसरला, पण तुम्ही ते मेंढरू सोडलं नाहीत.

वाचता येणं म्हणजे काय, हे शिकवायचा मला पगार मिळतो, आबा. पण तुमच्याएवढं नीट वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तर शब्द देते. उद्या पोरांना आधी पुस्तकातला शेवट वाचून दाखवीन, मग सिनेमातला सांगीन, आणि मग तुमचा. तो कुणाचा, हे तुमचं पूर्ण नाव घेऊन सांगीन. एकदा भर वर्गात तुमच्यावर हसले होते, म्हणून हेही भर वर्गातच सांगणार, की माझ्या वडलांना वाचता येत होतं.

तुमची लेक,
मंगल