ढब्बूला त्रास झाला नाही

आई,

ढब्बू गेला. तुला बघवणार नव्हतं म्हणून तू बाहेर पडलीस, ते बरंच केलंस. पण त्याला अजिबात त्रास झाला नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या त्या सरळ त्याच्याजवळ फरशीवर बसल्या. त्याने शेपूट हलवल्यावरच त्यांनी कायमच्या झोपेचं इंजेक्शन दिलं. बाबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बोलतच राहिले, तर म्हणाल्या, "बोला काका, मला घाई नाही." दादा गेला तेव्हा टिपूस न काढलेले बाबा आज हमसून रडले. अशी देवमाणसं असतात गं!

आम्ही त्याला मागच्या मोकळ्या जागेत पुरून येतो. तुझी निळी शाल शोधू नकोस. बाईंनीच विचारलं होतं, "आईंच्या वासाचं काही आहे का?" त्या शालीत नाक खुपसूनच झोपला तो.

धाकटी