बटण दाबण्याआधीचा उजेड

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची चाकणला! परभणीहून रात्रभरचा बसप्रवास, अंग आंबून गेलंय, तरी मन हलकं आहे. कांदा मार्केटच्या मागे, कंपन्यांच्या बसगाड्या वळतात त्या रस्त्यावर सुमनताईंचा फोटो स्टुडिओ. पूर्वी इथं गाड्यांच्या पत्र्यांना रंग मारायचे. लांबट, काळी, बिनखिडक्यांची खोली आणि एकच लोखंडी दार. आमचे नवरदेव म्हणजे ब्रेक ड्रम, गिअर आणि नटबोल्ट. कंपन्यांच्या कॅटलॉगसाठी त्यांचे फोटो काढायचे. माझी राहायची खोली याच काळ्या खोलीच्या टोकाला.

परभणीत मी शिक्षिका होते आणि गावोगाव भाषणं करायचे. संस्थाचालकांनी स्नेहसंमेलनाच्या भाषणातला एक परिच्छेद गाळायला सांगितला. मी तो दोनदा वाचला. नोकरी गेली. हळहळ नाही! माणसाचं सगळं काढून घ्या; ‘नाही’ म्हणायची ताकद उरली तर तो माणूस राहतो. ती गेली की मग तो कितीही मोठ्या खुर्चीत बसू दे, हुकमाचा ताबेदारच. इथं फोटोग्राफी शिकेन आणि एक दिवस असेंब्ली लाइनवरच्या बायांचे चेहरे सगळ्या महाराष्ट्रासमोर मांडेन.

सुटे भाग घेऊन येणारा टेम्पोवाला ज्योतीराम खेडकडचा. म्हणाला, “ताई, तुमी भाषण करता म्हनं? मग या ड्रमला जरा हसवून दावा की!” मी म्हटलं, हसवते, पण आधी त्याची युनियन करते. दारात उभा राहून तो पोट धरून हसला.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज फ्लॅशचा पहिला धडा. सुमनताई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि तिथूनच सांगत राहिल्या.

कॅमेऱ्याच्या डोक्यात दडलेला छोटा फ्लॅश म्हणजे तोंडावर ओरडणारा पुढारी. समोरचं पांढरंफटक, मागे काळीकुट्ट सावली. वर बसवायचा सुटा फ्लॅश त्याहून शहाणा, कारण त्याची मान वळते. ती छताकडे वळवली की उजेड छतावर आपटतो आणि मऊ होऊन खाली येतो. आमचं काळं छत उजेड गिळतं, म्हणून मी वर पांढरा थर्माकोल बांधला. तिसरा स्टँडवरचा मोठा फ्लॅश, भिंतीतल्या विजेवर चालणारा. त्याला सॉफ्टबॉक्स नावाची कापडी पेटी लावली की लोखंडही लोण्यासारखं दिसतं.

लेन्सभोवती गोल बसणारा रिंग फ्लॅश मात्र मला पटला नाही. त्याची सावली जवळजवळ दिसतच नाही. सावली असली की उजेड कुठून आला हे कळतं. उजेडाला जाब विचारता आला पाहिजे.

८ नोव्हेंबर, शनिवार

कोपऱ्यात आणखी एक मोठा फ्लॅश उभा आहे. त्याला कॅमेऱ्याची वायर नाही की रिमोट नाही. पुढ्यात फक्त काचेचा एक बारीक डोळा. खोलीत दुसरा कुठलाही फ्लॅश उडाला की तो डोळा बघतो आणि हाही उडतो. कुणाचा उजेड, कशासाठी, काही विचारत नाही. धंद्यात याला स्लेव्ह म्हणतात, म्हणजे गुलाम. नाव ऐकून माझं डोकं भडकलं. सुमनताई हसून म्हणाल्या, “अगं, दिवा आहे तो. त्याला कसला आलाय स्वाभिमान?”

त्यांनी एक गोष्ट बजावली. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश ऑटोवर ठेवायचा नाही. ऑटोवर तो अंदाज घ्यायला आधी एक बारीक उजेड सोडतो, कोपऱ्यातला त्यालाच भुलतो आणि फोटोच्या आधीच उडून मोकळा होतो. मी सगळं मॅन्युअलवर केलं.

दुपारी मी ड्रम पुसत होते. कॅमेरा टेबलावर होता, बंद. कोपऱ्यातला फ्लॅश उडाला.

एखाद्या ट्रकचा दिवा असेल, असं आधी वाटलं. मग आठवलं, खोलीला खिडकी नाही आणि दार लावलेलं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस तो मधूनच उडतोय. भुताखेतांवर मी जाहीर सभांमधून आसूड ओढलेत. आज प्रयोग केला. बाकीचे सगळे फ्लॅश बंद करून पिना काढल्या. दार लावून अंधार केला, कॅमेऱ्याची झडप उघडी धरली आणि थांबले. तो उडाला.

फोटोत ड्रमच्या दोन सावल्या आहेत. एक कोपऱ्यातल्या फ्लॅशची. दुसऱ्या सावलीचा माग काढत मी उलटी चालत गेले. तो उजेड जिथून आला तिथं एकही दिवा नव्हता. तिथं मी उभी होते. उंचीही माझ्या डोळ्यांइतकी.

सुमनताईंना फोटो दाखवला. त्यांनी तो उंबऱ्याबाहेर उभं राहूनच पाहिला. म्हणाल्या, तुझ्याआधीचा समर्थही हेच विचारायचा. नंतर विचारेनासा झाला. तो कुठे असतो, असं मी विचारलं. “कामावरच आहे की,” म्हणाल्या, आणि नजर चुकवून खुर्ची उचलून गेल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज एमआयडीसीची सुट्टी. वीज बंद. मोबाइलच्या उजेडात लिहितेय.

कोपऱ्यातला तरीही उडाला. मनाला समजावलं, आत साठलेली वीज असते, एकदा उडू शकतो. तो पुन्हा उडाला. मग त्याची पिन काढून हातात घेतली. तो पुन्हा—

कॅमेऱ्यात मी न काढलेले फोटो आहेत. सगळ्यांत तोच ड्रम. पण बटण माझ्याच बोटाखाली होतं. उजेड पडला की बोट दाबलं जातं. मला कळतं ते नंतर.

मी कुणाचा हुकूम ऐकत नाही. उद्या निघते. बॅग भरली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दार सताड उघडं आहे. हे आधी लिहून ठेवते. कुणी कोंडलेलं नाही.

सकाळी ज्योतीराम आला. म्हटलं, मला राजगुरुनगरच्या स्टँडवर सोड. म्हणाला, “व्हय, बसा की.” बॅग घेऊन निघाले. उंबऱ्याशी पोचले आणि उजेड पडला. मी कॅमेऱ्यामागे होते.

तो सांगतो, ताई, तुमीच वळला, ‘एक फोटो राहिला’ म्हनून. आधी हसला. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. मग तो हसेना. मी ओरडले, हात धर, ओढ मला! चप्पल काढून तो आत आला. माझा हात धरला. उजेड—

त्याने हात सोडला. टेम्पोतून नवा ड्रम आणला, टेबलावर नीट मांडला, जुना उचलला. चप्पल न घालताच टेम्पो चालू करून गेला. चप्पल अजून उंबऱ्याबाहेर आहे. इथून दिसते.

१५ किंवा १६

डोळ्यांवर काळं कापड बांधलं. उपयोग नाही. उजेड डोळ्यांनी येत नाही.

सुमनताई डबा ठेवून गेल्या. मी हाक मारली. रडत होत्या. म्हणाल्या, मलाही दुसरी मुलगी शोधून आणायचा हुकूम झालाय गं—

कुणाचा, ते सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.

कधी, माहीत नाही

कोपऱ्यातला फ्लॅश फोडला! स्टँड उचलून जमिनीवर आपटला, काचेचा डोळा टाचेखाली चिरडला. टाच रक्ताळली आहे. आता त्या उजेडाला उत्तर द्यायला इथं कुणी नाही. खोली गप्प आहे. बाहेर कंपनीची बस गेली, हॉर्न ऐकू आला. जाते. दार—

नंतर

मी कोपऱ्यात उभी आहे. त्याच्या जागेवर. पाय हलत नाहीत.

उजेड पडतो. आता उत्तर माझ्यातून जातं. छाती पांढरी होते. पुन्हा भरायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात लिहितेय—

दाराकडे तोंड करून भाषण सुरू केलं. रस्त्यापर्यंत जाईल असा आवाज लावला. बंधूंनो, भगिनींनो— उजेड. तोंडातून ‘हो’ आलं. माझ्याच आवाजात. खणखणीत.

हो. पुन्हा हो.

परिच्छेद आठवत नाही. दोनदा वाचला होता तो. कशाबद्दल—

दारात सुमनताई. सोबत एक मुलगी, खांद्याला बॅग, हसते आहे. विचारतेय, कोपऱ्यात काय आहे. आत येऊ नकोस, म्हणायचं आहे. ‘हो’ नाही. दुसरा शब्द. हात अजून माझा आहे. मोठ्या अक्षरात लिहून दाखवते, पुढचा उजेड पडायच्या आत—

ना