आजोबांच्या नावाखाली सापडलेली आत्या

बाबा, आत्या सापडली. सकाळपासून हे वाक्य मी स्वयंपाकघरात चारदा मोठ्यानं म्हटलंय, आणि त्या नादात दूध उतू गेलं. तुम्ही असतात तर आधी माझ्यावर ओरडला असतात आणि मग स्वतःच पोहे भिजवून, नारळ खवून नवस फेडायच्या मलिद्याच्या तयारीला लागला असतात. आपल्या ज्यू लोकांच्या पैगंबराला, एलियाहू हन्नबीला, नवस तुम्हीच बोलला होतात ना, तिचं पत्र यावं म्हणून?

ती मुंबईहून बोटीनं इस्रायलला निघाली तेव्हा तुम्ही आर्णीच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतात. कापसाचा सीझन ऐन भरात, मशीन सोडता येईना, म्हणून तुम्ही तिला पोचवायला गेला नाहीत. मग तुमची तीन पत्रं परत आली. ती रुसली, असं तुम्ही ठरवूनच टाकलंत आणि घरात तिचं नाव बंद झालं. ते मनात ठेवूनच तुम्ही गेलात. म्हणून मला शोधायचं होतं, बाबा. ती खरंच रुसली होती का, एवढंच.

तुमचं जिन आता बंद आहे. कापसाचं काही खरं राहिलं नाही, शेडमध्ये सोयाबीनची पोती पडलेली असतात. मी मात्र दर रविवारी एसटीनं यवतमाळला जाऊन स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसायची. तिकडे उतरलेल्या लोकांच्या याद्या आता कॉम्प्युटरवर दिसतात. दीड वर्ष मी आपलं कोकणातल्या गावावरून पडलेलं आडनाव टाकत राहिले. ढीगभर ‘कर’ निघाले, आत्या नाही. कॅफेवाले भाई चिडवायचे, “ताई, तुमची आत्या बोटीनं गेलती का पोहत?” शेवटी तेच म्हणाले, “आडनावाचा नाद सोडा ना. आमच्या मुसलमानांत बी जुन्या कागदात बापाचंच नाव राह्यते. आजोबाचं नाव टाकून पाहा.”

मी कपाळावर हात मारून घेतला. लहानपणचं लख्ख आठवलं. मी आठ वर्षांची आहे, आपण मुंबईला आलोय. सिनेगॉगला तुम्ही मशीदच म्हणता. तिथं तुम्हाला धर्मग्रंथाच्या वाचनाला पुकारतात ते तुमचं नाव आणि आजोबांचं नाव घेऊन, बस. मी भर सभेत विचारते, “बाबा, आपलं आडनाव विसरले का हे?” तुम्ही डोळे वटारता. बाहेर आल्यावर म्हणता, “आडनाव गावाले सांगाले असते. इथं बापाचं नाव चालते.” आर्णीत आपल्या लोकांचं एकच घर, सारा जन्म आडनावावर निघाला, आणि मी ते साफ विसरून गेले होते.

आजोबांचं नाव टाकलं आणि ती आली! नाव, वय एकोणीस, बोट, सगळं. मी अशी किंचाळले की भाईंनी चहाच मागवला. मग तिकडे लिहून मागवल्यावर पोस्टानं तिच्या फाईलची नक्कल आली. उतरल्यावर तिला नव्या लोकांच्या छावणीत, तंबूत ठेवलं होतं आणि महिन्याभरात दूर वाळवंटातल्या गावी पाठवलं. तुमची पत्रं तंबूच्या पत्त्यावर जात होती. रुसवाफुगवा काही नव्हता, बाबा! मागे राहिलेल्या नातलगांच्या रकान्यात तुमचं नाव आहे, खाली जिनचा पत्ता, आणि पुढे लिहिलंय: भाऊ, पुढच्या बोटीनं येणार. तुम्ही तसं म्हणाला होतात का? मला कधी बोलला नाहीत.

त्या गावच्या मशिदीला मी पत्र टाकलं, उत्तरात फोन नंबर आला. काल दुपारी पीसीओतून लावला. नंबर दोनदा चुकला. पलीकडून म्हातारा पण खणखणीत आवाज आला, चक्क मराठीत. मी कोण ते सांगितलं तर आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, “दादाला दे गो फोन.”

हे पत्र कुठं टाकणार मी. पण तुम्हाला एक सांगायलाच हवं. मी म्हटलं, “बाबा झोपलेत, आत्या.” ती म्हणाली, “मग उठवू नको. मी थांबते.” आणि ती खरंच थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. फोन मीच ठेवला, बाबा.