रविवारची फायनल

तीर्थरूप बाबांना,
धाकटीचा दुरूनच नमस्कार.

मी बरी आहे. थोडा खोकला आहे, पण तो धुळीचा. आईला सांगू नका, उगाच जीव टांगणीला लागेल तिचा. ती गोळ्या वेळेवर घेते ना?

कॉलेजला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून सगळ्या टीमचा इतिहास लिहायचं काम प्रिन्सिपल फादरांनी माझ्या गळ्यात मारलंय. म्हणाले, "तुमचे वडील इथेच खेळले ना? मग तुम्हीच लिहा!" सकाळी मुलींची प्रॅक्टिस घ्यायची आणि दुपारभर चॅपेलमागच्या खोलीत जुन्या वह्या उपसायच्या. पाठीचा पार भुगा झालाय. एवढंसं कॉलेज, कधीकधी अकरा जणही जमायचे नाहीत. एका वर्षी तर बायबल शिकवणारे सरच गोलकीपर झाले होते!

काल तुमच्या फुटबॉल टीमची वही सापडली. फायनल रविवारी आली होती आणि रविवारी खेळायचं नाही, हा इथला नियम. म्हणून टीम गेलीच नाही, सगळे प्रार्थनेला बसले. खाली अकरा सह्या आहेत. तुमचीही आहे.

मग बाबा, फायनलमध्ये मोडलेला तुमचा गुडघा नक्की कुठे मोडला हो? शेवटच्या मिनिटाच्या गोलासकट तुमच्या तोंडून ती गोष्ट ऐकूनच मी खेळाची शिक्षिका झाले.

रागावले नाही, नुसती थकलेय. इतिहासात त्या फायनलची ओळ कोरी ठेवलीय. काय लिहू, ते तुम्हीच कळवा.

आणि गुडघ्याला शेक घेत जा. कुठे का मोडला असेना, दुखतो तो खराच.

तुमचीच,
धाकटी