आत्याचं सोयाबीन आणि दाताच्या डॉक्टरांचं बाकडं

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? पत्रात डावा दुखतो म्हणाली होतीस, फोनवर उजवा म्हणालीस, तेव्हा दोघांचीही वेगवेगळी चौकशी केली आहे असं समज. इकडे आम्ही सगळे मजेत. (मजेत हा शब्द सवयीने लिहून गेलो. पुढे वाच.)

बाबांनी, म्हणजे तुझ्या दादाने, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मटण, अंडी, दूध, दही सगळं एका दमात सोडलं हे तुला ठाऊक आहेच. कारण विचारलं तर म्हणतात, "एका वासराने माझ्याकडे पाहिलं." कुठलं वासरू, कशासाठी पाहिलं, याचा खुलासा होत नाही. महिन्याभरात चार किलो वजन उतरलं आणि त्यांची पँट पट्ट्यापेक्षा आमच्या काळजीवरच जास्त टिकून राहिली. अशा वेळी तुझं पत्र आलं आणि पाठोपाठ सोयाच्या गोळ्यांचं पोतं. निम्मं वजन निव्वळ प्रोटीन, मटणाला तोडीस तोड, गरम पाण्यात भिजवा, पिळा आणि रश्श्यात सोडा, असं तू लिहिलं होतंस. तुझ्या लिहिण्यात काडीची चूक नव्हती. चूक माझ्या चष्म्याची. (चष्मा दुरुस्तीला गेला होता, म्हणजे चूक चष्मेवाल्याची.)

स्वयंपाकघरात पोत्याला जागा नाही म्हणून ते मी माझ्या सोफ्याच्या कारखान्यात ठेवलं. तिथे आधीच एक पोतं होतं, जुन्या सोफ्यांतून काढलेल्या फोमच्या तुकड्यांचं. रंग तोच, आकार तोच, वजनाचा फरक उचलणाऱ्याला कळावा, पण मी दोन्ही ढकलत नेतो. एक पोतं मी दाताच्या डॉक्टरांच्या बाकड्याच्या गादीत रिकामं केलं. ही नुसती नमुन्याची गादी, ती आवडली तर त्यांच्या तिन्ही दवाखान्यांचं काम मला मिळणार होतं. दुसरं पोतं तुझी भाचेसून घरात घेऊन गेली. डॉक्टर बसून बघताना म्हणाले, "करकर वाजतंय." मी म्हणालो, नवीन माल आहे, बसून बसून बसेल.

आता तू म्हणशील, रांधणाऱ्या बाईला कळू नये? आत्या, फोमसुद्धा गरम पाण्यात भिजतो. पिळला तर पिळतो. रश्श्यात सोडला तर रस्सा असा पितो की पातेलं कोरडं पडतं. तिने तुझं पत्र समोर उघडं ठेवून शब्दन् शब्द पाळला. चव मात्र दोघांपैकी कुणीच घेतली नाही, कारण आम्ही आपली साधी भाजी खात होतो. बाबा तीन दिवस चघळून रस प्यायचे आणि चोथा ताटाच्या कडेला मांडून ठेवायचे. "चावायला अगदी मटण," म्हणायचे. "फक्त संपत नाही." मी म्हणायचो, आत्याने पाठवलंय, चांगलंच असणार.

चौथ्या दिवशी कट् असा आवाज झाला. बाबांच्या कवळीचे पुढचे दोन दात ताटात पडले आणि त्यांच्या शेजारी सोफ्याची पिन. माझीच पिन ती, वीस वर्षं ठोकतोय, न ओळखून कसं चालेल? मी पिनेकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि बाकड्याची आठवण होऊन पोटात गोळा आला. (खरा सोयाचा गोळा आमच्या घरात कुणाच्याच पोटात गेला नव्हता.)

कवळी रुमालात बांधून आम्ही दवाखाना गाठला. तिथल्या पाण्याच्या जारचा नळ दवाखान्याच्या सुट्टीभर बाकड्यावर ठिबकत राहिला होता. गादीचं एक टोक कमरेएवढं वर आलं होतं आणि पाच पेशंट दुसऱ्या टोकाकडे घसरत, एकमेकांना धरून, गाल धरून बसले होते. मी "बाबा, नको!" म्हणेपर्यंत ते उंचवट्यावर टेकले. चेन फाटली. ओले, टम्म फुगलेले गोळे घळाघळा बाहेर आले, चपलांत गेले, एका बाईंच्या पर्समध्येही गेले. डॉक्टर हातात चिमटा घेऊन धावत आले आणि ओरडले, "हे काय आहे?"

बाबा बिनदातांचे उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टल, घाबलू नका. पोतीन आहे!"

मग खाली वाकून त्यांनी एक गोळा उचलला, बोटांत दाबला आणि माझ्याकडे असं पाहिलं की त्या वासराने त्यांच्याकडे कसं पाहिलं असेल ते मला कळलं. म्हणाले, "हे इतकं मऊ असतं?"

डॉक्टरांना हसू आवरेना. पाच पेशंट आधी गाल धरून कण्हत होते, आता गाल धरून हसू लागले. कवळी त्यांनी जोडून दिली, गादी मी नव्याने भरून दिली. तिन्ही दवाखान्यांचं काम मलाच मिळालं, फक्त भरताना डॉक्टर समोर खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक मूठ हुंगून बघतात. बाबांसाठी मी बाजारातून खरे गोळे आणले, वर टोफूही आणला. आठवड्याभरात एक किलो वजन वाढलं आणि आवाज चार किलोंनी. भाचेसून मात्र अजून त्यांच्या नजरेला नजर देत नाही. ते तिला रोज सांगतात, "पोरी, रस्सा झकास होता."

काळजी नसावी. गुडघ्यांना जप.

तुझा,
भाचा

ता. क. गोळे, कवळी, वजन हे सगळं पत्र लिहायचं निमित्त. खरं सांगायचं तर बाबांना तुझी आठवण येते. तोंडाने म्हणणार नाहीत, पण तुझी जुनी पत्रं काढून वाचत बसतात आणि मी गेलो की पंचांग वाचत होतो म्हणतात. दोन महिने त्यांना तुझ्याकडे ठेवून घेशील का?

ता. क. दुसरा. नाही म्हणायला फोन करू नकोस. हे पत्र टपालाने आलेलं नाही. ते ज्यांनी तुझ्या हातात दिलं, ते बहुधा अजून दारातच उभे असतील. त्यांना आधी आत घे.