सेहऱ्याआडचं तोंड

संगमनेर

प्रिय धनश्री,

फोन केला असता तर दोन मिनिटांत तू मला समजावलं असतंस आणि मी ‘बरं’ म्हणून गप्प बसले असते. शाळेपासून आपलं तसंच चालत आलंय. म्हणून लिहितेय.

नगरच्या प्रदर्शनात तुझ्या चित्राला बक्षीस मिळालं, अभिनंदन. फैयाजबरोबर जाऊन पाहून आले. नवरीच्या तोंडावर मोगऱ्याचा सेहरा, त्याच्या सरी गजांसारख्या ताठ. पायाशी गळालेले गुलाब. शेजारी तू लिहिलंस, की फुलांचा पडदा म्हणजे बाईची कैद आणि पडलेली फुलं म्हणजे तिची मेलेली स्वप्नं. डोळे माझे आहेत, हे आपल्या गल्लीत कुणीही सांगेल. तोंड मात्र तू काढलंच नाहीस. का गं? माझ्या निकाहाला सेहरा बाजूला सारून माझ्या तोंडात पेढा तूच कोंबला होतास. मी हसून हसून बेजार झाले होते. आणि ते गुलाब तर आपणच एकमेकींना फेकून मारले होते!

माझा संसार सगळा गोड आहे असं नाही. फैयाज तिरसट, सासूबाई त्याहून. ते काढायचं होतं तर मी स्वतः तुझ्यासमोर बसले असते. पण तू विचारलंच नाहीस. तुझ्या लग्नात तू मुंडावळ्या बांधल्यास, अंतरपाटामागे मान खाली घालून उभी राहिलीस, ती मात्र परंपरा.

हेही मी गिळलं असतं. पण पेपरात छापून आलेलं ते चित्र अब्बांनी फुलांच्या दुकानात बसून पाहिलं. आमच्या घरात लेकीचा सेहरा बापच गुंफतो. माझा त्यांनी रोजा असल्यासारखा, तोंडात काही न घालता गुंफला होता. पेपर बघून ते एवढंच म्हणाले, “धनश्री घरातली पोरगी हाय. तिला दिसलं म्हंजे आसंलच काहीतरी.” रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमैराचा निकाह आहे, आणि अब्बा फुलांना हात लावत नाहीत. बाजारातून तयार सेहरा आणा म्हणतात. सुमैरा रडतेय. मी बोलले तर त्यांना वाटतं, लेक बापाचं मन राखतेय. तुझं ऐकतील. बक्षीस परत करू नकोस, चित्रही फाडू नकोस. फक्त रविवारच्या आधी ये, अब्बांच्या समोर बस आणि सांग, की तू खोटं काढलंस.

अजून तरी तुझीच,
अल्मास