एकेचाळीस पांढऱ्या खुंट्या

१२ मार्च
झालं एकदाचं! खाजणाच्या कडेने एकेचाळीस खुंट्या ठोकून आले, पांढऱ्याशुभ्र. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर खाजण – त्या रेषेच्या आत ना कारखाना, ना घर. रेषेबाहेर कचरा निवडायचा नवा कारखाना. साहेब खूश! ताई तर फोनवर रडलीच. तिच्या घराशेजारची कचऱ्याची टेकडी आता हलेल. तो धूर, आणि तिच्या छकुलीचा खोकला – सहा वर्षांची पोर, तिला दम्याचा पंप ओढावा लागतो.

१४ मार्च
एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. भरती मोजायची ती उधाणात, पौर्णिमेला किंवा अमावास्येला. पौर्णिमेला मी छकुलीला घेऊन दवाखान्यात बसले होते. मोजलं आठवड्याने, अर्ध्या चंद्राला. तेव्हा पाणी चढतच नाही! मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. घाई झाली होती. "एवढ्या तेवढ्याने काय होतंय," साहेब म्हणाले होते.
वीस तारखेला नकाशावर सही करायची आहे.

१५ मार्च
पंचांग काढून पाहिलं. अमावास्या अठराला.

१८ मार्च
अमावास्या. दुपारी गमबूट घालून एकटीच गेले. पाणी आलं, आणि येतच राहिलं. एकही खुंटी दिसेना! कारखान्याच्या जागेवर गुडघाभर पाणी. तिथे कचरा रचला तर दर उधाणाला निम्मा खाजणात जाणार. माझ्या सहीने!

१९ मार्च
साहेबांना सांगितलं. त्यांचा चहा हातात तसाच राहिला. "नव्याने मोजणी म्हणजे सगळ्या मंजुऱ्या पुन्हा, वर्ष गेलं. तोवर लोकांनी कचरा काय खिशात ठेवायचा?" खरंच आहे त्यांचं! मग हळूच, "हे तुझ्या-माझ्यात राहू दे."
लेखी देऊन टाकलं. चूक माझी, पुन्हा मोजा.

२२ मार्च
ताईला घरी जाऊन सांगितलं. भांडी घासत होती, वळलीसुद्धा नाही. "म्हणजे अजून वर्षभर धूर?" आत छकुली खोकत होती.
निघताना पायरीवरच्या शेवाळावरून घसरले. "उधाणात पाणी येतं पायरीपर्यंत. किती वेळा सांगितलं तुला," ती म्हणाली. सांगितलं होतं. मी कधी मनावर घेतलंच नाही. आता नवी रेषा कुठे येईल?

२ एप्रिल
पौर्णिमा. साहेब स्वतः आले, पँट दुमडून. पाणी जिथे थांबलं तिथे खुंटी, असं करत गेलो. शेवटची ताईच्या घरामागे आली. घर रेषेच्या आत.
माझा हात थांबला. ताई मागच्या दारात उभी होती, छकुलीला कडेवर घेऊन. म्हणाली, "थांबलीस का? ठोक."